पडलेल्या झाडांवरची खपली बुरशी : नाव लावायचं तर काय काय बघायचं?

कातळसडा

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत किती झाडं आडवी झाली ते इथल्या कोकणकरांना वेगळं सांगायला नको. विकण्याजोगं लाकूड उचललं गेलं. वहाळात, गडग्याच्या पलीकडे, बागेच्या वरच्या अंगाला जे पडलं ते तसंच राहिलं. आमच्याकडे एक रायवळ आंबा, एक फणस आणि काजूच्या बऱ्याच फांद्या अजून कुजत पडल्या आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांच्यावर काय काय येतं ते मी बघत असते.

छत्र्यांबद्दल आणि कानासारख्या बुरशीबद्दल इथे चांगले धागे आहेत. मला विचारायचंय ते लाकडाला सपाट चिकटून पसरणाऱ्या बुरशीबद्दल. देठ नाही, टोपी नाही, खाली पडदे नाहीत. बहुतेक लोक तिला साल कुजली असं समजून पुढे जातात. एका ओंडक्यावर वीतभर अंतरात चार वेगवेगळ्या तऱ्हा दिसतात आणि मराठीत त्यांच्याबद्दल वाचायला जवळजवळ काही मिळत नाही.

सध्याचे तीन नमुने:

नमुना १. आंब्याच्या ओंडक्याची जमिनीकडची बाजू. काथ्याच्या रंगाचा, तळहाताएवढा पट्टा, वाढती कड पिवळसर. ओंडका जिथे वळतो तिथे बुरशीची कड लाकडापासून सुटून दीडेक सेंटिमीटर बाहेर आली आहे. या सुटलेल्या भागाला वरून लव आहे आणि गडद-फिके पट्टे आहेत. खालचं अंग गुळगुळीत.

नमुना २. फणसाच्या जाड फांदीखाली, साईच्या रंगाची, दोन-तीन मिलिमीटरचे दात खाली लोंबताहेत. कड पांढरी आणि तंतूतंतू सुटलेली.

नमुना ३. काजूच्या वाळक्या फांदीवर काळा, कडक थर. नखाने निघत नाही. भिंगातून सगळीकडे बारीक उंचवटे दिसतात.

माझ्याकडे दहापट भिंग आहे. शाळेतल्या मित्राचा मायक्रोस्कोप मागितला तर मिळेल. सुरुवात कुठून करू?

नीलिमा_क

सुंदर फोटो. ओळख पटवणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकून पाहिलेत का? मी फुलपाखरांसाठी वापरते, बहुतेक वेळा बरोबर येतं.

सूक्ष्मदर्शी

नीलिमाताई, फुलपाखरांचं ठीक आहे, पण या बुरशीच्या बाबतीत अ‍ॅपच्या पहिल्या नावावर अजिबात विसंबू नका. त्याचं कारण बुरशीच्या इतिहासातच आहे. लाकडाला सपाट चिकटून पसरणं हा आकार बुरशींच्या अनेक कुळांमध्ये स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा आला आहे. पूर्वी या सगळ्यांना एकाच मोठ्या कुटुंबात कोंबत असत. डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर ते कुटुंब फुटलं. उदाहरणार्थ स्टेरियम आणि पेनिओफोरा या सपाट बुरशा रुसुला नावाच्या, छान देठ-टोपी असलेल्या छत्र्यांच्या गणात गेल्या, आणि त्यांच्यासारखीच दिसणारी हायमेनोकीटी भलत्याच गणात. वरून घेतलेल्या फोटोत दोघींचा रंग सारखा असू शकतो.

कातळसडाताई, तुमचं निरीक्षण इतकं नेमकं आहे की अर्धं काम झालेलंच आहे. मी ज्या क्रमाने बघतो तो सांगतो.

आधी लाकूड. झाड कोणतं, साल शिल्लक आहे की गेली, लाकूड टणक आहे की बोटाने दबतं. मग कुज कोणती ते बघा. लाकूड फिकं, तंतुमय, स्पंजासारखं मऊ होत असेल तर पांढरी कुज. यात बुरशी लाकडाला कडकपणा देणारं लिग्निनही मोडते. लाकूड तपकिरी होऊन वड्या पाडल्यासारखे चौकोनी तुकडे पडत असतील तर तपकिरी कुज. यात सेल्युलोज जातं आणि लिग्निन मागे राहतं. आपल्याकडच्या रुंद पानांच्या झाडांवर बहुतेक सपाट बुरशा पांढऱ्या कुजीच्या असतात, त्यामुळे तपकिरी कुज दिसली तर ती ठळक नोंदवा, यादी एकदम आखूड होते.

मग बुरशीचं बीजाणू तयार करणारं अंग, म्हणजे बहुधा जमिनीकडे तोंड केलेली बाजू. ती गुळगुळीत आहे, चामखिळींसारखी उंचसखल आहे, दातेरी आहे, घड्या पडलेली आहे की छिद्रांची? त्यानंतर पोत: मेणचट, बुळबुळीत, कागदासारखा सुटणारा, चामड्यासारखा, की लाकडात मुरलेला? आणि कड. कडेकडे कोणी बघत नाही, पण ती फार बोलकी असते. काहींची कड एकदम संपते, काहींची झालर होते, काहींच्या कडेतून जाड दोरे निघून सालीखाली शिरतात.

चौथी गोष्ट, ताजी असतानाच टाचणीने किंवा पात्याने ओरखडा काढा आणि मिनिटभर थांबा. स्टेरियमच्या काही जाती जखमेच्या जागी लाल होतात. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांवरची स्टेरियम सँग्विनोलेंटम आणि ओकवरची स्टेरियम गॉसपेटम यांत प्रसिद्ध आहेत. आपल्या सह्याद्रीत सर्रास दिसणारी स्टेरियम ऑस्ट्रिया असं रक्त काढत नाही. वाळलेल्या बुरशीवर ही चाचणी करायची तर आधी थोडं पाणी लावून घ्या.

पाचवी, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाच टक्के द्रावण. नमुना १ वर त्याचा एक थेंब टाका. माझा अंदाज आहे की तो भाग लगेच काळा पडेल आणि काळाच राहील. हायमेनोकीटी आणि तिच्या सगळ्या गोतावळ्याची ही खूण आहे. त्याच गोतावळ्यातल्या फेलिनससारख्या बुरशीही काळ्या पडतात, पण त्यांना खाली छिद्रं असतात. तुमची गुळगुळीत आहे. आता एक करा: भिंग डोळ्याला लावून, नमुना उन्हात तिरका धरून तो गुळगुळीत भाग पुन्हा बघा. बारीक तपकिरी काटे चमकताना दिसले तर वंशापुरता प्रश्न सुटला. त्यांना सीटी म्हणतात. जाड भिंतीच्या, टोकदार पेशी असतात त्या, आणि मायक्रोस्कोपशिवाय, नुसत्या चांगल्या भिंगातूनही दिसतात.

नमुना २ आणि ३ बद्दल रात्री लिहितो.

सड्यावरचा

एक सांगू का, ओंडके उलटताना हात घालू नका. आमच्या रत्नागिरीच्या बाजूला फुरसं असतं, ते अशाच कोरड्या-ओल्या लाकडाखाली बसतं. विंचू तर ठरलेलाच. मी नेहमी लांब काठीने ओंडका माझ्या बाजूला ओढतो, म्हणजे खाली जे असेल त्याला पलीकडून जायला वाट राहते. आणि बघून झालं की ओंडका होता तसाच, त्याच बाजूने पालथा ठेवा. खालच्या अंगाला ऊन लागलं की बुरशी दोन दिवसांत आटते.

कातळसडा

सड्यावरचा दादा, अगदी बरोबर. इथेही फुरसं आहे. गमबूट आणि काठीशिवाय मी जात नाही.

सूक्ष्मदर्शी, काटे आहेत! उन्हाची तिरीप आली तेव्हा बघितलं. एरवी तो भाग मखमली वाटतो, भिंगातून मात्र सुटे सुटे काटे उभे दिसतात, टोकाला जरा फिके. पोटॅशियम हायड्रॉक्साइड कुठे मिळेल? खाण्याच्या सोड्याने चालतं का?

सूक्ष्मदर्शी

खाण्याचा सोडा फार सौम्य असतो, त्याने भरवशाचं काही दिसणार नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घरी साबण बनवणारे लोक वापरतात, शाळेच्या प्रयोगशाळेतही असतं. पाच ग्रॅम शंभर मिलिलिटर पाण्यात. पाण्यात ते टाकायचं, त्याच्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, कातडीला आणि डोळ्यांना भाजतं. ड्रॉपरच्या बाटलीवर नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

आता नमुना ३. हा छत्र्यांच्या भाईबंदांतला नाहीच. काळा कडक थर आणि त्यावर सारख्या अंतराने उंचवटे दिसले की पात्याने उभा छेद घ्या. प्रत्येक उंचवट्याखाली एक गोल पोकळी दिसेल. बीजाणू त्या पोकळीत, पिशव्यांमध्ये, एकेका पिशवीत आठ असे तयार होतात आणि उंचवट्याच्या टोकाच्या भोकातून बाहेर पडतात. हायपोझायलॉन आणि अ‍ॅन्युलोहायपोझायलॉन हे या गटातले नेहमी भेटणारे वंश. यांच्यासाठी द्रावण दहा टक्क्यांचं करा, पांढऱ्या बशीत घ्या आणि थराचा एक कण त्यात टाका. कण कोणता रंग सोडतो ते बघा: हिरवट, नारिंगी, जांभळा, की काहीच नाही. जाती ओळखायच्या चाव्यांमध्ये, म्हणजे एकेक लक्षण विचारत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यांमध्ये, हा रंग फार वर येतो, त्यामुळे फोटो लगेच काढा.

नमुना २ अवघड आहे. पांढरे दात असलेल्या सपाट बुरशा आपल्याकडे चार-पाच वंशांत तरी आहेत. माझ्या मनात दोन आहेत. इरपेक्सचे दात चपटे असतात, शरीर चामड्यासारखं चिवट असतं आणि कड लाकडापासून सोलून निघते. झायलोडॉन मऊ असतो आणि लाकडाला घट्ट धरून असतो. नक्की करायचं तर मायक्रोस्कोप हवा. इरपेक्स लॅक्टिअसच्या तंतूंना जोडाशी आकडी नसते, आणि त्याच्या दातांत जाड भिंतीच्या, वर स्फटिकांचा थर चढलेल्या पेशी असतात. झायलोडॉनच्या तंतूंना प्रत्येक आडपडद्याशी बाजूला एक आकडी असते, आणि त्याच्या बऱ्याच जातींत टोकाला गोल डोकं असलेल्या पेशी दिसतात. आकडी आहे की नाही एवढं कळलं तरी अर्धी यादी गळते.

भीमाशंकरी

वाचनखूण साठवली. माझाही एक प्रश्न यात घुसवतो. भीमाशंकरला उभ्या जिवंत झाडांच्या बुंध्यावर पांढरे-राखाडी पट्टे असतात, त्यांच्यात काळ्या बारीक रेघा. हीसुद्धा सपाट बुरशीच ना?

सूक्ष्मदर्शी

ते दगडफुलाचे नातेवाईक, सालीला चिकटून वाढणारे लायकेन. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. पाणी शिंपडा, पट्टा हिरवट होईल. टाचणीने वरचा थर हलकेच खरवडा, खाली हिरवी रेघ दिसेल. काळ्या रेघा असलेले बहुधा ग्राफिस किंवा त्याच्या जवळचे. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीत ही हिरवी रेघ सापडत नाही. जुन्या बुरशीवर वरून शेवाळ चढतं कधीकधी, पण ते पुसलं जातं.

काजूवाला

मी शेतकरी माणूस, सरळ विचारतो. ही बुरशी पडलेल्या लाकडावरून उभ्या झाडावर जाते का? आमच्याकडे कलमांच्या बाजूला ओंडके पडलेत, वडील म्हणतात सगळं जाळून टाक. त्यातच दोन वर्षं एका काजूच्या फांदीवर गुलाबी पापुद्रा येतोय. फोटो देतोय.

ऐन_किंजळ

काजूवाला दादा, तुमच्या फोटोतली ओंडक्यावरची नाही, ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याकडे लगेच बघा. जिवंत फांदी, बेचक्यापाशी गुलाबी थर, आणि त्याच्या पुढची पानं पिवळी पडून वाळलेली: हा गुलाबी रोग. कारण एरिथ्रिसियम सॅल्मोनिकलर. जुन्या पुस्तकांत कॉर्टिसियम म्हणून सापडेल. तीही सपाट पसरणारी बुरशीच आहे, फक्त मेलेल्या लाकडाची वाट न बघता जिवंत सालीत शिरते. काजू, आंबा, फणस, रबर, कॉफी, सगळ्यांवर येते आणि जास्त पावसाच्या पट्ट्यात जोर धरते. सुरुवातीला सालीवर पांढरे रेशमी तंतू दिसतात, गुलाबी थर नंतर येतो. पुढे साल तडकते आणि फांदी वरून मरत येते.

मी बागायतीत काम करते. आम्ही रोगट भागाच्या बरंच खाली, निरोगी लाकडात फांदी कापतो, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतो. कापलेल्या फांद्या मात्र बागेत ठेवू नका, त्या खरोखर जाळा. एकदा तालुका कृषी कार्यालयात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात फांदी दाखवून घ्या.

बाकी ओंडक्यांचं म्हणाल तर सरसकट जाळायला माझा विरोध आहे. त्यांच्यावरच्या बहुतेक बुरशा मेलेलं लाकूडच खातात. त्यांच्यामुळेच ते लाकूड माती होतं.

काजूवाला

फार उपयोग झाला ताई. उद्याच फांदी कापतो. आणि वडिलांना हा धागा वाचून दाखवतो, ओंडके राहू देऊ.

पैलतीर

जर्मनीतून वाचतेय. इथे २००९ साली एका सपाट बुरशीला वर्षाची बुरशी म्हणून निवडलं होतं. टेराना सेरुलिया. पडलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला गर्द निळा थर, कडेला जरा फिका. खोटा वाटावा असा निळा. इथे ती ऱ्हाइनच्या खोऱ्यासारख्या उबदार भागांत आढळते. उबदार, दमट हवा आणि रुंद पानांची झाडं तिला आवडतात, म्हणजे कोकण आणि गोवा तिच्या पसंतीचेच. कोणाला दिसली आहे का?

पाणथळ

पैलतीर, गोव्यात मोलेच्या जंगलात रस्त्याकडेला पडलेल्या बारीक फांदीखाली असाच निळा थर बघितलाय. भर पावसात मखमली होता, गणपतीनंतर परत गेलो तर सुकून काळपट झाला होता. अभयारण्य असल्यामुळे फांदी उचलली नाही, फोटोवर भागवलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तिथून काही आणायचं तर परवानगी लागते, हे नव्याने या नादाला लागणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. खासगी बाग, परस, रस्त्यावर पडलेलं झाड यांवर भरपूर काही सापडतं.

नीलिमा_क

सूक्ष्मदर्शी, मायक्रोस्कोपबद्दल जरा सविस्तर लिहाल का? मी बारावीनंतर हात लावलेला नाही. पण हे सगळं वाचून आता राहवत नाहीये.

सूक्ष्मदर्शी

आनंदाने. महाग काही लागत नाही, चारशेपट दिसणारा साधा मायक्रोस्कोप आणि दाढीचं नवं पातं. बीजाणू नीट मोजायचे तर तेल लावून हजारपटची भिंग लागते, कारण त्यातले पुष्कळसे पाच ते दहा मायक्रॉनचे असतात.

बुरशीचा तांदळाएवढा तुकडा लाकडासकट घ्या. गाजराला चीर पाडून त्यात उभा बसवा. कॉलेजात खोडाचे काप घेतो तसंच, गाजरासकट पातळात पातळ काप घ्या, पाण्यात सोडा आणि सगळ्यांत पारदर्शक दिसेल तो उचला. काचपट्टीवर पोटॅशियमचं द्रावण, रंगासाठी फ्लॉक्झिन किंवा लॅक्टोफिनॉलमधला कॉटन ब्लू. वर काच ठेवून पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराने हळू दाबा, तंतू सुटे होतात. मग क्रमाने बघा: तंतूंच्या जोडाशी आकडी, वेगळ्या दिसणाऱ्या पेशी, बीजाणूंचा आकार.

तंतू एकाच प्रकारचे आहेत की त्यांच्यात जाड भिंतीचे, फाटे न फुटणारेही आहेत, हेही बघा. ही पद्धत ई. जे. एच. कॉर्नर यांनी १९३२ मध्ये मांडली, ते तेव्हा सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात होते. उष्ण कटिबंधातल्या लाकडावरच्या बुरशीवर काम करताना सुचलेली ती गोष्ट आजही रोज वापरात आहे.

शेवटी आयोडीन. मेल्झरच्या द्रावणात स्टेरियमचे बीजाणू निळे-काळे होतात. त्यात क्लोरल हायड्रेट असतं, ते घरी मिळवायच्या भानगडीत पडू नका. ल्युगोलचं आयोडीन वापरा, ठळक निळा रंग असेल तर त्यातही दिसतो.

बीजाणूंचा ठसा छत्रीचाच घेता येतो असं नाही. बुरशी असलेला सालीचा तुकडा, बुरशी खाली करून, काचेच्या पट्टीवर रात्रभर झाकून ठेवा. ओल टिकण्यासाठी शेजारी भिजवलेला कापूस. सकाळी पट्टीवर पांढरी धूळ आहे की तपकिरी, हे बघा. टोमेंटेला, कोनिओफोरा यांचे बीजाणू तपकिरी छटेचे असतात.

कातळसडा

आणि जपून ठेवायचं कसं? आमच्याकडे जुलैत चादरी वाळत नाहीत, बुरशी कुठून वाळणार?

ऐन_किंजळ

खोक्यात पिवळा बल्ब, साधारण ४० वॉटचा, वर जाळी. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वर तापू देऊ नका, बुरशी शिजते. भाज्या वाळवायचं यंत्र असेल तर उत्तमच. पूर्ण वाळली की कागदी पाकिटात. प्लॅस्टिकची पिशवी नको, घामेजते आणि नमुन्यावर दुसरीच बुरशी चढते. किडे लागू नयेत म्हणून पाकीट काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.

सूक्ष्मदर्शी

आणि पाकिटावर लिहिल्याशिवाय ते पाकीट फेकून दिल्यातच जमा. झाडाचं नाव, साल होती की नाही, तारीख, गाव, ताजेपणी रंग, वास, द्रावणांचे निकाल. वाळल्यावर रंग बदलतो, वास जातो. झाड कोणतं हे तर नंतर कोणालाच सांगता येत नाही, आणि आपल्याकडच्या जुन्या नोंदींमध्ये नेमकी तीच माहिती अनेकदा गायब असते.

हे मी एवढं लावून का धरतो? वायव्य हिमालयातल्या सपाट बुरशांवर एस. एस. रतन यांचं मोठं काम १९७७ मध्ये छापलं गेलं. तिथल्या देवदार-ओकच्या लाकडासाठी ते आजही हाताशी लागतं. पण आंबा, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ यांच्यावर काय येतं त्यासाठी सह्याद्रीत नमुने गोळा करायलाच हवेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीचा मोठा संग्रह आहे, आजरेकर यांच्या नावाचा. नीट वाळवलेला, नीट नोंदवलेला नमुना असेल तर पुढे कधीही त्यातून डीएनए काढता येतो. बुरशी ओळखण्यासाठी आयटीएस नावाचा जो डीएनएचा तुकडा वापरतात त्याला २०१२ मध्ये अधिकृत ओळखपट्टीचा मान मिळाला. पण तोही जुळवायला आधी कोणीतरी त्या बुरशीला बरोबर ओळखून ठेवलेलं असावं लागतं. म्हणून जातीचं नाव लगेच मिळालं नाही तर वंशापाशी थांबा, जे खात्रीने दिसलं तेवढंच लिहा. "हायमेनोकीटी, आंब्यावर, दापोली" ही नोंद चुकीच्या पूर्ण नावापेक्षा किती तरी मोलाची आहे.

कातळसडा

शाळेतून द्रावण मिळालं. निकाल देते.

नमुना १: थेंब पडल्या पडल्या काळा. दुसऱ्या दिवशीही काळाच. हायमेनोकीटी म्हणून पाकीट बंद केलं.

नमुना ३: छेदात पोकळ्या आहेत, आत काळपट ओलसर गर. बशीत कण टाकल्यावर मिनिटभरात भोवती हिरवट रंग सुटला, फोटो वर जोडला आहे.

नमुना २: कड सोलून निघते, दात चपटे, चिवटपणा आहे. आकडी शोधली, मला तरी कुठल्याही जोडाशी दिसली नाही. दातांत टोकाशी खरखरीत, चमकदार पेशी मात्र पुष्कळ आहेत.

सूक्ष्मदर्शी

मग नमुना २ इरपेक्सकडे झुकतोय. आकडी नाही हे ठरवायला निदान वीसेक जोड बघा, आणि दातातले नकोत, लाकडाला लागून असलेल्या थरातले. ठसा मिळाला तर बीजाणूंची लांबी-रुंदी द्या. नमुना ३ चे बीजाणूही मोजा आणि हिरवट रंगाचा फोटो पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून पुन्हा काढा, त्यावरून पुढची चावी लावता येईल.

भीमाशंकरी

पाणी शिंपडलं, पट्टे हिरवे झाले. लायकेनच. आता पडलेल्या जांभळाकडे वळतो, त्याचे फोटो शनिवारी याच धाग्यावर टाकतो, खालच्या बाजूचे.